विध्यर्थ आणि संकेतार्थ : हौशी यांत्रिकाच्या ग्रंथांची एक कसोटी

ग्रंथसमीक्षेचा व्यवहार आपल्याकडे बहुतांशी ललित वाङ्मयापुरताच चालतो. काव्य, नाटक, कादंबरी यांची चिकित्सा करताना जे निकष आपण इतक्या काळजीने वापरतो, त्यांतला एकही निकष 'हे यंत्र असे करावे' असे सांगणाऱ्या पुस्तकाला लावून पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही. अशी पुस्तके 'उपयुक्त' म्हणून बाजूला ठेवली जातात. आणि जे उपयुक्त ते चिकित्सेच्या कक्षेबाहेरचे, असा एक अलिखित संकेत रूढ होऊन बसला आहे. वस्तुतः वाईट कादंबरी वाचणाऱ्याची एक संध्याकाळ वाया जाते. वाईट कृतिग्रंथावर विसंबणाऱ्याचे सहा महिने, पदरचा पैसा आणि प्रसंगी हाताची बोटेही जातात. चिकित्सेची निकड कोठे अधिक आहे, हे निराळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखकावर काही काळापूर्वी एका महाविद्यालयातील हौशी कर्मशाळेसाठी ग्रंथांची शिफारसयादी करण्याचे काम आले. यादी करणे सोपे वाटले होते. ते तसे राहिले नाही, याला एक प्रसंग कारण झाला. भौतिकीचा एक पदव्युत्तर विद्यार्थी स्वतः घासून तयार केलेला सहा इंची आरसा घेऊन आला. दुर्बिणीसाठी चार महिने खपून त्याने तो केला होता. पण त्यातून पाहिलेली प्रत्येक चांदणी बिंदूऐवजी रेघेसारखी ओढलेली दिसत होती. त्याच्याजवळच्या पुस्तिकेत काचेवर कोणती भुकटी कोणत्या क्रमाने वापरावी, किती तास घासावे, पॉलिश कसे करावे, हे सारे होते. मात्र काम बिघडत चालले आहे की नाही हे कसे ओळखावे, याविषयी तीत एक ओळही नव्हती. "पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सर्व केले, सर," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि ते खरे होते. दोष त्याच्या हाताकडे कमी आणि पुस्तिकेकडे अधिक जात होता. परंतु हा दोष नेमका कोणता, त्याला नाव काय द्यावे, हे त्या वेळी आम्हांलाही सांगता आले नाही. हा लेख त्या नावाच्या शोधातून निर्माण झाला आहे.

हौशी यांत्रिक म्हणजे कमी कुशल यांत्रिक नव्हे. त्याचे खरे लक्षण हे की, त्याच्या शेजारी कोणी उभे नसते. कारखान्यातील उमेदवाराजवळ उस्ताद असतो. लेथच्या आवाजात किंचित फरक पडला की उस्ताद दुरूनच हत्यार मागे घ्यावयास सांगतो. ओतकामाची माती मुठीत दाबून ती फार ओली आहे की कोरडी, हे तो एका शब्दात सांगतो. हौशी माणसाला ही सोबत नाही. त्याला जे मिळते ते पुस्तकातून. आणि पुस्तकाला त्याच्या हातातली वस्तू दिसत नाही. तेव्हा अशा ग्रंथाची समीक्षा करताना मुख्य प्रश्न असा ठरतो : न दिसणाऱ्या वस्तूतील न दिसणारी चूक वाचकाला स्वतःलाच दिसावी, अशी कोणती व्यवस्था ग्रंथकाराने केली आहे?

या प्रश्नाच्या विवेचनास मराठी व्याकरणातील एक विभागणी फार सोयीची पडते. क्रियापदाचे आपण चार अर्थ मानतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. आज्ञार्थ आणि विध्यर्थ आपल्या कामापुरते एकत्र धरावयास हरकत नाही. मग यांत्रिकाच्या ग्रंथांचे तीन वर्ग सहज पडतात. 'हे असे आहे', 'हे असे घडले' असे सांगणारे स्वार्थातील ग्रंथ. 'हे असे करावे' असे सांगणारे विध्यर्थातील ग्रंथ. आणि 'जर असे दिसले तर तसे समजावे' असे सांगणारे संकेतार्थातील ग्रंथ. प्रत्येक चांगल्या पुस्तकात तिन्ही प्रकारची वाक्ये असतात, हे उघड आहे. प्रश्न ग्रंथाचा भार कोणत्या वाक्यांवर आहे, एवढाच.

प्रथम स्वार्थातील ग्रंथ घेऊ. हेन्री ब्राऊन यांचे १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेले '५०७ मेकॅनिकल मूव्हमेंट्स' हे पुस्तक आजही हौशी यांत्रिकांच्या यादीत हमखास आढळते. दातेरी चक्रे, कॅम, कप्प्या, दांडे, रॅचेट, घड्याळातील एस्केपमेंट अशा पाचशे सात यांत्रिक गतींची छोटी रेखाचित्रे आणि शेजारी दोनचार ओळींचे स्पष्टीकरण, एवढेच त्याचे स्वरूप आहे. त्याला यंत्रांचा शब्दकोश म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही; आणि शब्दकोशाचे गुण व मर्यादा दोन्ही त्यात आहेत. वर्तुळाकार गतीपासून मागेपुढे होणारी गती कशी मिळवावी, याची डझनावारी उत्तरे एका बैठकीत डोळ्यांखालून जातात आणि कल्पनाशक्ती चाळवली जाते. परंतु कोणती रचना भाराखाली अडकते, कोणती लवकर झिजते, कोणत्या दात्यावर सारा ताण येऊन पडतो, याचा पत्ता चित्रावरून लागत नाही. कागदावर सर्व यंत्रे सारखीच चालतात.

कागदावर चालणारी यंत्रे किती दूरवर फसवू शकतात, याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्ध केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायातील यंत्रप्रकरणात एका स्वयंवह चक्राचे वर्णन येते. हलक्या लाकडाचे चक्र, त्याला समान अंतरावर बसविलेले व एका बाजूस किंचित कललेले पोकळ आरे, त्यांत अर्ध्यापर्यंत भरलेला पारा आणि बंद केलेली तोंडे. आस दोन आधारांवर ठेवला की हे चक्र आपोआप फिरत राहते, असे तेथे सांगितले आहे. ते फिरत राहत नाही. चक्राच्या एका बाजूस पारा आसापासून दूर सरकतो, हे खरे. परंतु एका पूर्ण फेऱ्यात तो जितका खाली उतरतो तितकाच त्याला वर चढवावा लागतो. त्यामुळे हिशेबात शिल्लक काहीच उरत नाही आणि आसाचे घर्षण मात्र चालूच राहते. ही कल्पना पुढे अरबी व युरोपीय लेखनातही आढळते. तेराव्या शतकातील फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याच्या रेखावहीत पाऱ्याच्या जागी झुलणारे हातोडे आहेत, तत्त्व तेच. भास्कराचार्यांच्या गणिती थोरवीला यामुळे यत्किंचितही बाध येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते : स्वार्थातील विधान, मग ते कितीही मोठ्या अधिकाराचे असो, वाचकाला परीक्षेचे साधन देत नाही तोवर कर्मशाळेत ते केवळ अफवेच्या मोलाचे असते.

म्हणून ब्राऊन यांच्या पुस्तकाबरोबर हेन्री डर्क्स यांच्या 'पर्पेच्युअम मोबिले' या १८६१ च्या ग्रंथाची शिफारस करावी, असे आम्हांस वाटते. डर्क्स हे स्वतः अभियंते होते. शतकानुशतके झालेल्या अखंडगती यंत्रांच्या प्रयत्नांची त्यांनी साधार जंत्री केली आणि १८७० मध्ये तिला दुसरा भाग जोडला. शेकडो बुद्धिमान माणसे त्याच त्या चक्रापाशी येऊन कशी थांबली, हे एकापाठोपाठ एक वाचल्यावर नवशोधकाचा जो भ्रमनिरास होतो, तो दहा उपदेशांनी होत नाही. अपयशाची जंत्री हाही एक प्रकारचा उस्तादच होय.

स्वार्थातील ग्रंथांचा दुसरा मोठा गट चरित्रांचा. सॅम्युएल स्माइल्स यांनी एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंत्यांची चरित्रे लिहून या प्रकाराला जे वळण लावले, ते अजून सुटलेले नाही. गरीब मुलगा, अपार कष्ट, जगाची उपेक्षा आणि अखेर यश, हा त्याचा ठरलेला साचा. या साच्याचा दोष नैतिक नाही, तार्किक आहे. ज्यांना यश आले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. त्यामुळे चिकाटी आणि हट्ट यांतील भेद वाचकाला कळत नाही. पाऱ्याच्या चक्रामागे आयुष्य घालविणारा माणूसही चिकाटीचाच होता. चरित्र हौशी यांत्रिकाच्या उपयोगी पडते ते नायकाला कोणी नकार दिला, का दिला आणि त्या नकाराने वस्तूत कोणता फरक पडला, हे त्यात येते तेव्हाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर दीर्घकाळ पडून राहिले. ही हकीकत केवळ धैर्याची कथा म्हणून वाचली, तर तिच्यातून फारसे हाती लागत नाही. वापरणाऱ्याचा आक्षेप हीही यंत्राची एक परीक्षा असते आणि ती कर्मशाळेत नव्हे, शेतात होते, असे म्हणून वाचली तर ती शोधकाला शहाणे करते. शं. वा. किर्लोस्करांचे 'यांत्रिकाची यात्रा' हे चरित्र यादीत असावे ते या दृष्टीने वाचण्यासाठी.

आता विध्यर्थातील ग्रंथ. हौशी माणसाला प्रथम हवे असते ते हेच, आणि त्यात गैर काही नाही. कृती माहीत नसताना निदान करता येत नाही. परंतु केवळ विध्यर्थावर उभे असलेले पुस्तक एक गोष्ट गृहीत धरते : वाचकाचे साहित्य, हत्यार, हवा आणि हात ग्रंथकारासारखेच आहेत. हे गृहीत बहुधा खोटे असते. 'साचा वाळू द्यावा' हे विध्यर्थी वाक्य आहे. साचा ओलसर राहिला आणि त्यात वितळलेला धातू पडला, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन धातू अंगावर उसळतो, हे संकेतार्थी वाक्य आहे. पहिल्या वाक्याने वाचक आज्ञा पाळतो; दुसऱ्याने तो साचा वाळला आहे की नाही हे पाहतो. आज्ञा पाळणे आणि पाहणे यांतच कर्मशाळेतील सुरक्षितता सामावलेली असते.

ज्या विद्यार्थ्याच्या आरशाने ही चर्चा सुरू झाली, त्याच्याच विषयात संकेतार्थी ग्रंथाचा उत्तम नमुना सापडतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड येथे रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये यंत्रकारखान्यातील काही जणांना दुर्बिणीचे आरसे घासावयास शिकविले. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाचे संपादक आल्बर्ट इंगॉल्स यांनी १९२५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि वाचकांच्या मागणीमुळे १९२६ मध्ये 'अमॅच्युअर टेलिस्कोप मेकिंग' हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले. या ग्रंथाची भाषा विस्कळीत आहे, लेखक अनेक आहेत, पुनरुक्ती पुष्कळ आहे. वाङ्मयीन रचनेच्या दृष्टीने त्याला उत्तम ग्रंथ म्हणणे कठीण. तरीही घरच्या तळघरात काच घासणाऱ्या अनेक पिढ्या त्याने घडविल्या; दुसऱ्या महायुद्धात सैन्याला हव्या असलेल्या अत्यंत काटेकोर 'रूफ प्रिझम'चा तुटवडा पडला, तेव्हा याच हौशी मंडळींपैकी काहींनी ती तयार करून दिली. हे सामर्थ्य कोठून आले?

ते फूकोच्या परीक्षेतून आले. फ्रेंच भौतिकीविद लेओं फूको यांनी १८५८ च्या सुमारास ही परीक्षा शोधून काढली. आरशाच्या वक्रतामध्यापाशी एका बारीक छिद्रातून प्रकाश सोडावयाचा. आरशावरून परतणारे किरण जेथे एकत्र येतात तेथे दाढीचे पाते हळूहळू आडवे सरकवावयाचे आणि पात्यामागून आरशाकडे पाहावयाचे. पृष्ठभाग बिनचूक गोलीय असेल तर सारा आरसा एकदम सारखा काळवंडतो. तो तसा नसेल, तर त्यावर सावल्यांचे डोंगर आणि दऱ्या दिसू लागतात. सहा इंच व्यासाच्या आणि अठ्ठेचाळीस इंच नाभीयांतराच्या आरशात गोलीय आणि अन्वस्त आकारांतील फरक कडेशी मोजला तर सुमारे एक लक्षांश इंच भरतो. तो कोणत्याही पट्टीने मोजता येणार नाही. पण दिवा, टाचणीने पाडलेले छिद्र आणि पाते यांच्या साहाय्याने तो उघड्या डोळ्यांना दिसतो. इंगॉल्स यांच्या ग्रंथाचा कणा हा आहे. कडेला सावली अशी दिसली तर कड खाली गेली आहे. मध्यभागी तशी दिसली तर तेथे खड्डा पडला आहे. मग घासण्याची चाल अशी बदलावी. येथे विध्यर्थ आहे, पण तो संकेतार्थाच्या मागून येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पुस्तिकेत नेमका हा क्रम नव्हता. चांदण्यांची ओढलेली रेघ हे आरशाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्याचे लक्षण होते, आणि ते पहिल्या आठवड्यातच दिसू शकले असते.

याच विषयावरील झ्याँ तेक्सरो यांचा फ्रेंच ग्रंथ (१९५१, इंग्रजी अनुवाद १९५७) इंगॉल्स यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. तेक्सरो यांचे लेखन एकहाती, शिस्तबद्ध आणि मोजमापावर भर देणारे आहे. सावली 'बरी दिसते' एवढ्यावर ते थांबत नाहीत; पट्ट्यापट्ट्यांनी मोजणी करून उरलेली चूक किती आणि ती क्षम्य आहे की नाही, हे ठरविण्याची रीत ते देतात. इंगॉल्स वाचकाला उत्साह आणि दृष्टी देतात, तेक्सरो त्याला थांबण्याची जागा दाखवितात. हौशी माणसाला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच आवश्यक असते. कारण 'आणखी थोडे सुधारू' या मोहात चांगला झालेला आरसा बिघडविणारे पुष्कळ असतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे, आणि आयुका या संस्थेतही दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. तेव्हा हा विषय आपल्याकडील विद्यार्थ्यांना परका नाही. परक्या राहिल्या आहेत त्या या ग्रंथांतील परीक्षा.

काचेकडून धातूकडे वळले तरी तोच निकष लागू पडतो. डेव्हिड गिंगरी यांनी १९८० च्या सुमारास भंगारातून स्वतःची धातुकर्मशाळा उभारण्यावर सात पुस्तकांची माला लिहिली. पहिल्या पुस्तकात कोळशाची भट्टी. तिच्यात ॲल्युमिनियम वितळवून ओतलेल्या भागांतून दुसऱ्या पुस्तकातील लेथ. आणि मग शेपर, मिलिंग यंत्र इत्यादी. अर्धवट झालेल्या लेथवरच त्याचे उरलेले काम करून घ्यावयाचे, ही त्यातील सर्वांत विलोभनीय कल्पना. या मालेचे मोठेपण असे की, तिच्यात प्रत्येक यंत्र मागच्या यंत्राची परीक्षा घेते. भट्टी नीट नसेल तर लेथचा सांगाडा सच्छिद्र निघतो. लेथ सरळ नसेल तर पुढील यंत्राचा दंड शंक्वाकार होतो. चूक लपून राहत नाही, ती पुढच्या पायरीवर उभी असते.

परंतु येथे एक गहन प्रश्न उपस्थित होतो. वाकड्या हत्यारांतून सरळ हत्यार निर्माण होते तरी कसे? याचे उत्तर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे वाचलेल्या निबंधात आहे. दोन पट्ट एकमेकांशी ताडून घासले, तर ते एकमेकांशी तंतोतंत जुळतील. पण एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असूनही जुळू शकेल. तीन पट्ट घेऊन ते आळीपाळीने जोडीजोडीने जुळवीत गेले, तर तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जेथे दोघांचे संगनमत होऊ शकते, तेथे तिसरा साक्षीदार ते उघडे पाडतो. वेन मूर यांच्या 'फाउंडेशन्स ऑफ मेकॅनिकल ॲक्युरसी' (१९७०) या ग्रंथात या तत्त्वाचा अतिशय तपशीलवार विस्तार आहे. सामान्य हौशी माणसाला तो संपूर्ण ग्रंथ लागणार नाही. पण त्याची प्रारंभीची प्रकरणे गिंगरींच्या मालेआधी वाचली, तर मालेचा अर्थ पालटतो. कृतींची यादी वाटणारे पुस्तक मग अचूकता शून्यातून कशी उगवते याचा प्रबंध वाटू लागते.

परीक्षा घेता येणे ही एक पायरी झाली. परीक्षेचा निकाल का तसा लागला, हे कळणे ही तिच्या वरची. येथे जे. ई. गॉर्डन यांच्या 'द न्यू सायन्स ऑफ स्ट्राँग मटेरियल्स' (१९६८) आणि 'स्ट्रक्चर्स' (१९७८) या दोन ग्रंथांना तोड नाही, असे म्हणावेसे वाटते. काच तिच्या सैद्धांतिक बळाच्या अगदी अल्प अंशावरच का फुटते, या ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये सोडविलेल्या प्रश्नापासून ते भेगेच्या टोकापाशी ताण कसा एकवटतो येथपर्यंत गॉर्डन वाचकाला नेतात, आणि तेही जड गणिताचा आधार न घेता. पट्टीच्या कोपऱ्यात धारदार खाच ठेवू नये, हा कारखान्यातील जुना विधी त्यांच्या हाती कारणासह येतो. कारण कळल्यावर वाचक तो विधी पुस्तकात नसलेल्या वस्तूलाही लावू शकतो. शोधकाला लागणारी शक्ती हीच. कारण त्याची वस्तू कोणत्याच पुस्तकात नसते.

हेन्री पेट्रोस्की यांचे 'टू एंजिनियर इज ह्यूमन' (१९८५) हे पुस्तक याच दिशेने जाते. कॅन्सस शहरातील हायट रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी अधांतरी मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग एकाच लांब सळईला निरनिराळ्या जागी अडकविलेले होते. बांधणीच्या सोयीसाठी सळईचे दोन तुकडे झाले. खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला गेला, आणि वरच्या जोडावर दोन्ही मार्गांचा भार आला. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसत होता. पेट्रोस्कींच्या लेखनात कधीकधी पाल्हाळ येतो. तरी 'असा बदल केला तर भार कोठे जातो?' हा प्रश्न वाचकाच्या मनात ते कायमचा रुजवितात. पॉल होरोविट्झ आणि विनफील्ड हिल यांच्या 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' (१९८०) या ग्रंथाने तर याला एक नवीनच रूप दिले. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत प्रकरणांच्या शेवटी न चालणाऱ्या मंडलांच्या आकृत्या दिल्या आहेत आणि ती का चालणार नाहीत, हे शोधण्याचे काम वाचकावर सोपविले आहे. चुकीला पाठ्यपुस्तकात सन्मानाची जागा देणारे ग्रंथ विरळा. म्हणून त्याचा येथे आवर्जून उल्लेख केला.

या सर्व विवेचनाचा मराठी ग्रंथव्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो संबंध पुष्कळ जुना आहे. जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक १८०५ मध्ये लंडनला निघाले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेच्या हाती ते पडले. आपल्याला परवडतील तेवढे लहान प्रयोग करून त्याने पुस्तकातील विधाने पडताळून पाहिली आणि ती खरी ठरली, म्हणून त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. उतारवयात त्याने हे ऋण स्वतः नमूद केले आहे. येथे लक्ष द्यावयाचे ते त्याच्या पडताळण्याकडे. आणि मार्सेटबाईंनी त्यासाठी योजिलेला संवादही केवळ अलंकार नव्हे. त्यातील कॅरोलाइन ही उतावळी मुलगी मध्येच शंका काढते, 'पण असे झाले तर?' असे विचारते आणि शिक्षिकेला विधानावरून परीक्षेकडे खेचून आणते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत हरि केशवजी यांनी मार्सेटबाईंच्या संवादग्रंथांवरून मराठी पुस्तके रचली. म्हणजे आधुनिक मराठी शास्त्रीय गद्याच्या पहाटेसच 'जर-तर' विचारणारा वाचक ग्रंथात उपस्थित होता. पुढे आपल्या उपयुक्त पुस्तकांतून तो वाचक हळूहळू नाहीसा झाला आणि 'घ्यावे, ढवळावे, गाळावे, थंड होऊ द्यावे' अशा विध्यर्थी वाक्यांची रांग तेवढी उरली, असे आमचे वाचन सांगते. हा वाङ्मयीन ऱ्हास आहे, आणि त्याचा अभ्यास मराठी विभागांनीच करावयास हवा.

चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. पुण्यातून १९२८ पासून निघालेले 'सृष्टिज्ञान' आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी वाचकाला विज्ञानाच्या सान्निध्यात ठेवले. अरविंद गुप्ता यांच्या काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून उभ्या राहणाऱ्या आकृतींचे उदाहरण तर आमच्या निकषाला पूर्ण उतरते. मूल चौकोन करते, तो बोटाने दाबताच कलंडतो. त्रिकोण करते, तो कलंडत नाही. पुलाच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, याचे उत्तर वाक्यातून नव्हे, बोटातून येते. काही पैशांच्या साहित्यात जर संकेतार्थ बसू शकतो, तर आमच्या जाड ग्रंथांत तो बसत नाही ही सबब टिकणारी नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चुका, अपघात आणि परीक्षा यांचाच पाढा वाचला, तर नवख्याचा उत्साह मावळेल. त्याला प्रथम स्वप्न हवे. या आक्षेपात तथ्य आहे. ब्राऊन यांची चित्रे चाळून ज्याच्या बोटांना कंड सुटत नाही, त्याला फूकोची परीक्षा शिकवून काय उपयोग? म्हणूनच स्वार्थातील ग्रंथ यादीतून काढून टाकावेत, असे आम्ही म्हणत नाही. ते एकटे देऊ नयेत, एवढेच म्हणतो. शिवाय उत्साह मावळतो तो चुका दिसल्याने नव्हे. चार महिन्यांनंतर, आणि कारण न कळता, दिसल्याने मावळतो. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा : आता प्रत्येक कृतीचे चलच्चित्र घरबसल्या पाहता येते, मग ग्रंथ कशाला? हाताची चाल दाखविण्यात चित्रफीत ग्रंथाच्या पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीत आपण बहुधा ग्रंथकाराचा यशस्वी हात पाहतो. आपला हात कोठे चुकला, हे ती सहसा सांगत नाही. चित्रफीत हा विध्यर्थाचाच अधिक प्रभावी अवतार आहे. निकष तिलाही तोच लावावा.

अखेर त्या शिफारसयादीविषयी. ती आम्ही बदलली. पूर्वी ग्रंथ विषयवार लावले होते. आता ते जोडीने लावले आहेत. ब्राऊन यांच्याबरोबर डर्क्स, इंगॉल्स यांच्याबरोबर तेक्सरो, गिंगरी यांच्याबरोबर मूर, आणि या सर्वांच्या मागे गॉर्डन व पेट्रोस्की. जेथे एखाद्या मराठी पुस्तिकेला जोडीदार मिळाला नाही, तेथे तिच्या अखेरीस चार कोरी पाने शिवून घेतली आहेत. 'असे दिसले तर काय समजावे' हे त्या पानांवर वापरणाऱ्यांनी लिहावयाचे आहे. आरसा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने तो पुन्हा घासावयास घेतला. त्याच्या जुन्या पुस्तिकेतील पहिले कोरे पान त्याच्याच अक्षराने भरले आहे.